गिऱ्हाईकाचा हात

ताईंबद्दल लिहावं इतकी माझी त्यांची ओळख नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची फसगत व्हायला नको. एका खोलीत आम्ही पंचवीस-तीस वर्षं काम केलं, पण माझं कापायचं टेबल खिडकीकडे तोंड करून आणि त्यांची बैठक दाराशी, उजेडाला. म्हणजे पाठीला पाठ. त्यांचा खोकला मला ओळखू यायचा, दातांनी दोरा तोडल्याचा आवाज ओळखू यायचा. पण त्यांना गोड आवडायचं की तिखट, त्यांनी लग्न का केलं नाही, देवाला मानायच्या की नाही, यातलं मला काही ठाऊक नाही. त्यांचं खरं नावसुद्धा मी पहिल्यांदा वाचलं ते हॉस्पिटलात, पलंगाला अडकवलेल्या पाटीवर. क्षणभर वाटलं, आपण चुकीच्या पलंगापाशी आलो.

खरं तर त्यांच्या धाकट्या भावाने लिहायला हवं होतं. ते कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, दुकानात सगळे त्यांना प्रोफेसर म्हणत. मी तसं सुचवलंही. ते म्हणाले, "नको मास्टर. मी लिहायला बसलो की ताईचा सिद्धान्त होतो. तुम्हीच लिहा." मला मापांपलीकडे काही लिहायची सवय नाही. बघतो.

आमचं दुकान कोट आणि गणवेश शिवण्याचं. मी कापायचो, म्हणून मला मास्टर म्हणत. ताई काजं करायच्या. शर्टाची काजं मशीनवर होतात, पण चांगल्या कोटाचं काज हाताने करावं लागतं. कापडाला चीर द्यायची, कडेने जाड दोरा ठेवायचा आणि तो धरून टाक्याला टाका लावत, प्रत्येक टाक्याला गाठ मारत फिरायचं. बघणाऱ्याला वाटतं उजवा हात किती चपळ. ताई म्हणायच्या, "सगळे उजव्याकडे बघतात. तो नुसता आत-बाहेर करतो. कापड ताणून धरतो तो डावा. तो जरा हलला की काज वाकडं." त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या टोकाला सुया टोचून टोचून बारीक खवले धरले होते.

त्यांचा एक नियम होता, आणि तो दुकानाच्या मालकाहून कडक होता. गिऱ्हाईकाचं कापड अंगाला लावायचं नाही. खांद्यावर टाकून आरशात बघायचंसुद्धा नाही. एकदा मशीनवरच्या एका कारागिराने बटणांपुरता राहिलेला कोट घालून फोटो काढून घेतला आणि इस्त्री करून जागच्या जागी ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी बटणं लावायला ताईंनी कोट मांडीवर घेतला, कॉलरचा वास घेतला आणि म्हणाल्या, "हा बाहेर जाऊन आलाय." मालक म्हणाले, "जाऊ द्या ना ताई, कोटाला काय झालंय?" ताईंनी बटणं लावून दिली. संध्याकाळी गिऱ्हाईक कोट न्यायला आलं तेव्हा त्याच्या तोंडावर म्हणाल्या, "साहेब, तुमचा कोट तुमच्या आधी एकाने घातलाय. चालत असेल तर न्या." मालकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेब हसले आणि कोट घेऊन गेले. कारागीर पुढे कितीतरी दिवस ताईंसमोरून जाताना मान खाली घालायचा.

कॉलेज सुटलं की प्रोफेसर बहिणीला घरी न्यायला यायचे. आईवडील लवकर गेले, ताईंनीच त्यांना वाढवलं आणि शिकवलं, एवढं मालकांकडून ऐकलं होतं. ते इस्त्रीच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसायचे. आणि ताई, शाळेतून आलेल्या पोराला विचारावं तसं, मान वर न करता विचारायच्या, "आज काय शिकवलंस रे?"

ते खरंच सांगायचे. मन आणि शरीर यांचं एकमेकांशी काय नातं, हा त्यांचा विषय. एकदा म्हणाले, "आज अशा लोकांचं मत शिकवलं, ज्यांच्या मते दोन्ही निरनिराळी. शरीर म्हणजे कोट आणि मन म्हणजे कोट घालणारा."

"बरोबर आहे की," मालक म्हणाले.

"अडचण पुढे आहे. घालणाऱ्याला अंगच नाही. मग तो बाहीत हात घालतो कशाने?"

"असलं गिऱ्हाईक आपल्याला नको," मालक म्हणाले. "माप कसं घ्यायचं?"

दुसऱ्या एका दिवशी मशिनी चालू होत्या. प्रोफेसर मोठ्याने म्हणाले, "हा आवाज ऐकता ना? काही लोक म्हणतात, मन म्हणजे एवढंच. मशीन चालली की आवाज होतो. आवाज काही शिवत नाही."

ताई म्हणाल्या, "शिवत नाही कसा? आवाज बदलला की मला कळतं, सुई वाकलीय."

"ते तुझ्या कानाला कळतं, ताई. मशीनला नाही."

ताईंनी सुई थांबवली, विचार केला आणि म्हणाल्या, "हं. तेही खरंच." त्यांना हरायला काही वाटायचं नाही. आम्ही मात्र तेवढ्यावरून आठवडाभर वाद घातला.

"पण तुमचं स्वतःचं मत काय?" मी एकदा विचारलं. मी सहसा मध्ये बोलायचो नाही.

त्यांनी इस्त्री केलेली एक पँट उचलली. "ही घडी. घडी कापडातच आहे, कापडावाचून घडी नाही. पण कापड तोललंत तर घडीचं वेगळं वजन येत नाही. मन म्हणजे माझ्या मते असं काहीतरी."

"आणि धुतल्यावर?" ताईंनी विचारलं.

"धुतल्यावर जाते."

"मग मी नाही बाबा धुवायला देणार," ताई म्हणाल्या, आणि सगळं दुकान हसलं.

हे सगळं गमतीचं होतं. कुणाचं काही अडत नव्हतं.

एके दिवशी सकाळी ताई आल्या नाहीत. दुपारी प्रोफेसरांचा निरोप आला, पक्षाघाताचा झटका, डावी बाजू गेली. मी आणि मालकांनी एकमेकांकडे पाहिलं. डावी म्हणजे काज गेलं, हे दोघांच्याही मनात आलं असणार.

दोन दिवसांनी मी हॉस्पिटलात गेलो. तोंड थोडं वाकडं झालं होतं, जीभ जड होती. बाकी ताई त्याच.

"या मास्टर. दुकान उघडं टाकून आलात?"

"मालक आहेत ना."

"म्हणजे उघडंच."

मला इतकं बरं वाटलं! पुढे म्हणाल्या, डॉक्टरांच्या कोटांची ऑर्डर आहे, त्यातल्या दोन कोटांची वरची काजं राहिलीत, दुसऱ्या कुणाला देऊ नका. मी हो हो म्हणत होतो. मग त्यांनी प्रोफेसर बाहेर गेलेत ना, हे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मास्टर, जरा बघता का? हा कुणाचा हात राहिलाय इथे."

मी बघितलं. चादरीवर त्यांचाच डावा हात पडला होता. अंगठ्यावरचे खवलेसुद्धा दिसत होते.

"ताई, तुमचाच तो."

"माझा असता तर मला ठाऊक नसतं?"

मी वेड्यासारखा विचारता झालो, "मग तुमचा कुठे आहे?"

त्यांनी उशीच्या आजूबाजूला नजर टाकली. "असेल कुठेतरी. दुकानात राहिला असेल." सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान राहिलं असेल, हे ज्या सुरात म्हणावं त्याच सुरात.

डोकं फिरलं असतं, काहीबाही बडबडल्या असत्या, तर एक वेळ समजलं असतं. पण माणसाची ओळख बरोबर, ऑर्डर बरोबर, मालकांवरचा टोमणा बरोबर. सगळं कापड नीट, आणि एका जागचीच घडी गेलेली. निघताना मी आणखी एक पाहिलं. सकाळी केस विंचरायला त्यांच्या हातात फणी दिली होती. उजवी बाजू चापूनचोपून बसवलेली आणि डावी तशीच पिंजारलेली. ताटातलंही उजव्या बाजूचं जेवण संपलेलं, डाव्या बाजूला बोटही लागलेलं नाही. तो हात सोडला तर त्यांना जगाची डावी बाजूच दिसत नव्हती, आणि दिसत नाही हेही कळत नव्हतं.

बाहेर डॉक्टर प्रोफेसरांना समजावत होते. आपलं शरीर आपलं आहे, याची खूण मेंदूत एका ठिकाणी असते, तिथेच धक्का बसलाय. काही जणांचं हे थोड्या दिवसांत आपोआप जातं, काहींचं राहतं. वाद घालू नका. पण हाताला व्यायाम हवा. ताकद थोडीफार येईल असं दिसतंय. आत्ता हलवला नाही तर हात आखडेल, मग उद्या तो स्वतःचा वाटला तरी उपयोग नाही.

जिना उतरताना प्रोफेसर कठड्याला धरून थांबले. "मास्टर, हे पुस्तकात आहे. हे उदाहरण मी दरवर्षी वर्गात सांगतो. पेशंट म्हणतो, हा हात माझा नाही. मुलं हसतात." एक पायरी उतरून म्हणाले, "मीही हसतो."

ताईंना घरी आणलं. एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, वर जायला लाकडी जिना. मी तिथे पहिल्यांदाच गेलो. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत ताई. मालकांनी निरोप दिला होता, जागा तुमचीच आहे, बऱ्या होऊन या. तो सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "पिशवीत कात्री आहे का?"

छोटी कात्री माझ्याजवळ कायम असते. कुठेतरी धागा निघाला असेल म्हणून मी ती काढून पुढे केली.

"तुम्हीच करा, माझा एकच हात आहे. हे इथून मोकळं करा." आणि त्यांनी उजव्या हाताच्या बोटाने डाव्या दंडावर, खांद्याच्या जरा खाली, खडूने ओढावी तशी रेघ ओढली. "शिवणीवर नका घालू. जरा खाली घ्या, म्हणजे मूळ कापडाला धक्का लागणार नाही."

मी ऐकलं ते कळायलाच मला वेळ लागला. जन्मभर मी अशा सूचना ऐकत आलो होतो. कळलं तेव्हा हातातली कात्री एकदम तापल्यासारखी वाटली. मी ती खिशात टाकली आणि खिशावर हात दाबून उभा राहिलो.

"चुकीची बाही जोडली गेली तर आपण काढतोच ना?" ताई समजावत होत्या. "त्यात काय एवढं?"

प्रोफेसर आतून पाण्याचा ग्लास घेऊन आले होते. "ताई!"

"ओरडतोस काय? दुसऱ्याचं मला लागलंय. तो बिचारा शोधत असेल."

त्या दिवसापासून घरातली सुरी, ब्लेड, सुयांची डबी, सगळं कुलपात गेलं. मी पुढे महिनाभर कात्री दुकानात ठेवूनच त्यांच्याकडे जात होतो, तरी जिना चढताना खिसा चाचपायचो.

पण 'तो शोधत असेल' हे त्यांच्या मनात राहिलं. पुढच्या खेपेला गेलो तर तो हात स्वच्छ फडक्यात गुंडाळून उशीवर ठेवलेला आणि बाहीला पिन लावून कागदाची चिठ्ठी अडकवलेली. दुकानात आम्ही प्रत्येक कापडाला लावतो तशी. चिठ्ठी कोरी होती.

"गिऱ्हाईकाचं आहे," ताई म्हणाल्या. "न्यायला येईपर्यंत सांभाळायला हवं. नाव तेवढं कळत नाही."

कापायचं खूळ गेलं म्हणून आम्ही दोघे खूश झालो. ताई हात लोंबू देत नव्हत्या, त्यावर डाग पडू देत नव्हत्या, डास बसला तर फुंकर मारत होत्या. स्वतःचा असताना एवढा कधी जपला नसेल. मग व्यायाम करवून घेणारी बाई आली आणि आमचा आनंद संपला.

"मावशी, चला, आता मूठ करू या."

"हात लावू नका. गिऱ्हाईकाचं आहे."

"मी फक्त हलवणार."

"तेच नको. आपण वापरायचं नसतं."

"पण वापरला नाही तर खराब होईल ना?"

"कोट कपाटात राहिला म्हणून खराब होतो का? घातल्यावर होतो."

ती बाई वर्षानुवर्षं असेच रुग्ण हाताळत आलेली, शांत स्वभावाची. तिने विचारलं, "तुमचं गिऱ्हाईक येणार कधी?"

"गिऱ्हाईक सांगून येतं का?"

डॉक्टरला, मालकाला, भावाला त्या एक वेळ ऐकल्या असत्या. पण नियम त्यांचाच होता, आणि तो मोडताना त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. बाईंनी त्या हाताची बोटं दाखवून आम्हाला बाजूला घेतलं होतं. ती आत वळायला लागली होती. "आणखी थोडे आठवडे असेच गेले तर हा हात विसरा," त्या म्हणाल्या.

प्रोफेसरांनी वाद घालून पाहिला. डॉक्टरांनी नको सांगितलं होतं, पण दुसरं त्यांना येत काय होतं? ताईंचं उजवं बोट धरून ते डाव्या खांद्यावर ठेवायचे. "हा खांदा कुणाचा?" "माझा." "हा दंड?" "माझा." "कोपर?" "माझंच वाटतंय." "हे मनगट?" "इथून दुसऱ्याचा." त्या दिवशी दंडावर ओढलेली रेघ एव्हाना मनगटापर्यंत सरकली होती.

"मग मध्ये जोड कुठे आहे? शिवण दाखव."

ताई हसल्या. "कारागीर चांगला असला की शिवण दिसत नाही, शहाण्या."

ते माझ्याकडे वळून बघायला लागले. एवढा शिकलेला माणूस, आणि चेहरा असा की कुणीतरी पायाखालची पायरी काढून घेतलीय. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "तिच्या मेंदूत कुठे काय बिघडलंय ते मला ठाऊक आहे. पण 'माझा नाही' असं म्हणतंय कोण, मास्टर? ते 'माझा' कुठे राहतं?" मी कापणारा माणूस. मी चपला घातल्या.

पुढचं माझ्यासमोर घडलं. व्यायामाच्या बाई येऊन हात बांधून उभ्या होत्या, ताई हात पोटाशी धरून बसल्या होत्या. प्रोफेसर स्टूल ओढून ताईंच्या समोर बसले. मग एकदम म्हणाले, "ताई, तो हात माझा आहे."

"तुझा?"

"हो. मीच ठेवून गेलो होतो."

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात त्यांच्या गुडघ्यांवर होते, लपवायचं त्यांना सुचलंही नव्हतं. मला वाटलं, संपलं आता.

"तुझे दोन तर हे इथे आहेत."

"हो."

"म्हणजे तीन झाले."

या माणसाने दुकानात कधी कुणाचं एक वाक्य तर्काला सोडून जाऊ दिलं नव्हतं. ते म्हणाले, "तीन."

ताईंनी थोडा विचार केला. "असतील. लहानपणी जेवायला बसलास की मला तसंच वाटायचं."

बाई हसल्या, मीही हसलो. प्रोफेसर हसत नव्हते.

"मग आधी नाही सांगायचं? इतके दिवस मी जिवापाड सांभाळत बसले!"

"विसरलो."

"हात विसरतोस? आणि कॉलेजात शिकवतोस!" त्यांनी बाहीवरची पिन काढली आणि चिठ्ठी भावाच्या हातात दिली. "हे घे तुझं."

"मी न्यायला आलो नाही, ताई. तुझ्याकडेच असू दे. तू वापर. यांना हलवू दे. मला चालेल."

"मालकच हो म्हणत असेल तर मी कोण अडवणारी?" ताईंनी फडकं सोडलं आणि हात बाईंच्या पुढे केला, उजव्या हाताने उचलून.

नंतर प्रोफेसर जिन्याच्या तोंडाशी उभे होते, ती कोरी चिठ्ठी बोटांत घेऊन. "तीन म्हणालो मी," ते म्हणाले. "मास्टर, मी तीन म्हणालो."

मग रोजचाच परिपाठ झाला. व्यायामाआधी ताई हाक मारायच्या, "घेऊ का रे तुझा हात?" आतून उत्तर यायचं, "घे." त्याशिवाय त्या बोट हलवू द्यायच्या नाहीत. प्रोफेसर कॉलेजात असले तर बाई फोन लावायच्या. शिकवता शिकवता थांबून, वर्गाबाहेर येऊन, ते फोनमध्ये 'घे' एवढाच शब्द बोलत आणि परत आत जात. मुलांना वाटायचं, सरांनी या वयात काहीतरी लफडं केलंय.

हात हळूहळू सुटत गेला. आधी मूठ, मग चिमूट. डोळ्यांपुढे आणून त्याच्याकडे बघायची सवय बाईंनी लावली, तेव्हापासून त्यांचे केसही दोन्ही बाजूंनी विंचरलेले दिसू लागले. मालकांनी कात्रणं पाठवली. सुयांची डबी कुलपातून बाहेर आली, आधी आम्ही समोर बसलेले असतानाच. ताई डाव्या हातात कात्रण ठेवायच्या आणि उजव्याने काज घालायच्या. पहिली काजं बघवत नव्हती. त्या प्रोफेसरांवर चिडायच्या. "तुझ्या हाताला वळणच नाही मेल्या. काजवालीच्या घरात वाढलास आणि कापड धरता येत नाही?"

"तू शिकव त्याला," ते म्हणायचे.

मला वाटायला लागलं होतं, याची सवय झाली आपल्याला. तेवढ्यात सुईचा प्रकार झाला.

मी कात्रणांची नवी गड्डी द्यायला गेलो होतो. ताई काज करत होत्या, प्रोफेसर आतल्या खोलीत पेपर तपासत होते. सुई कापडातून निघाली ती थेट डाव्या अंगठ्यात शिरली. चांगलीच. रक्ताचा टपोरा थेंब वर आला. ताईंच्या चेहऱ्यावर काही नाही. दुसऱ्याच्या कपावर ओरखडा दिसावा तसं त्यांनी बघितलं आणि हाक मारली, "अरे, लागलं का रे तुला?"

आत खुर्ची पडल्याचा आवाज झाला. प्रोफेसर दारात आले. त्यांचा डावा अंगठा उजव्या मुठीत आवळलेला होता.

"हो," ते म्हणाले.

ते नाटक नव्हतं. मी नाटकं पाहिली आहेत. तोंड पांढरं पडलं होतं, कपाळावर घाम होता. त्यांनी स्वतःच मूठ उघडून अंगठ्याकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. हाक येईपर्यंत त्यांना काय झालंय हे दिसण्याची सोय नव्हती. हाकेत अंगठ्याचं नाव नव्हतं. ताईंचा आवाज ऐकून मन चपापलं असेल, रोज सुई बघून डोळ्यांत बसली असेल. मी नंतर स्वतःला असं पुष्कळ समजावलं.

"इकडे ये, दाखव," ताई म्हणाल्या. त्यांनी दातांनी कात्रणाची पट्टी फाडली आणि प्रोफेसरांच्या कोऱ्या अंगठ्याला गुंडाळली. डाव्या हाताने टोक धरून, उजव्याने गाठ मारून. ताईंच्या डाव्या अंगठ्याचं रक्त पट्टीला लागत होतं. प्रोफेसर लहान मुलासारखे हात पुढे करून उभे होते. मी हातरुमाल काढला आणि ताईंचा अंगठा पुसून दाबून धरला. त्यांनी मला हरकत घेतली नाही. म्हणाल्या, "काय बाई नाजूक! एवढ्याशा सुईला घाबरला."

जिन्यापाशी मी काही विचारायच्या आतच प्रोफेसर म्हणाले, "विचारू नका. दुखलं. कुठे दुखलं ते विचारू नका." ती पट्टी पुढे दोन-तीन दिवस त्यांच्या अंगठ्याला होती. वर्गात त्या दिवसांत त्यांनी काय शिकवलं कोण जाणे.

त्यानंतर काही महिन्यांनी ताई गेल्या. दुसरा झटका आला, भर दुपारी, बसल्या खुर्चीत. मला दुकानात कळलं तेव्हा मी कापत होतो. कापडातून कात्री तशीच पुढे जात राहिली, आणि अख्खा पाठीचा भाग वाया गेला. डॉक्टर म्हणाले, असं होऊ शकतं हे ठाऊक होतं. आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही हाताच्याच मागे होतो.

त्याच्या आदल्या आठवड्यात मी गेलो होतो, ते शेवटचं. तोवर त्यांची काजं परत कोटावर जाण्याइतकी सरळ झाली होती आणि मालकांनी खरंच काम पाठवलं होतं, डॉक्टरांचे पांढरे कोट. पिशवी जड होती. प्रोफेसर परीक्षेच्या कामावर होते, त्यांचा फोन बंद होता, घरात दुसरं कुणी नव्हतं. ताई खिडकीशी बसलेल्या, उजव्या हातात सुई, दोरा ताणलेला. टाका अर्धा होता. अर्धा टाका त्या कधी सोडत नसत.

मी काही पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं असणार, पण त्यात पाहण्यासारखं काही वाटलं नाही. पिशवी दिली आणि निघालो. अर्धा जिना उतरल्यावर लक्षात आलं, आणि मी तिथेच पायरीवर बसलो. सुई उजव्या हातात होती. मग पिशवी कशाने घेतली? त्यांनी हाक मारली नव्हती. विचारलं नव्हतं. विचारायला घरात कुणी नव्हतंच.

परत वर जावं असं फार वाटलं. पण मी विचारलं असतं तर त्यांनी थांबून हाताकडे बघितलं असतं. मी गेलो नाही. शपथेवर मी आजही सांगू शकत नाही. कदाचित सुई त्यांनी कोटात खोवून ठेवली असेल, कदाचित माझीच नजर चुकली असेल.

ताई गेल्यावर मी हे प्रोफेसरांना सांगितलं. ते म्हणाले, "शब्द सांगा. नेमके शब्द काय होते?" मी सांगितले. त्यांनी पुन्हा सांगायला लावले. त्यात काही नव्हतं, रोजचंच बोलणं होतं. मी दारात उभा राहून विचारलं होतं:

"ताई, पिशवी खाली ठेवू का?"

"नको, द्या इकडे."

"जड आहे हो."

"असू दे, धरलीय मी. तुम्ही जाताना दार ओढून घ्या."